मालकीचा आभास

फ्रँचायझी घेणाऱ्या सुशिक्षित बेकारास ‘तू मालक झालास’ असे सांगितले जाते. हा निव्वळ आभास होय. कर्ज त्याचे, गहाण घर त्याचे. नाव मात्र कंपनीचे. रॉयल्टी बहुधा नफ्यावर नव्हे, विक्रीवर आकारली जाते. म्हणजे दुकान तोट्यात असले तरी कंपनीची वसुली चालूच! भांडवलशाही अमेरिकेनेही १९७९ पासून करारापूर्वी लेखी माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आधार १८७२ च्या करार कायद्याचा. तो उभयतांची संमती मुक्त असल्याचे गृहीत धरतो. गरजवंताची संमती कसली मुक्त? कायद्याची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे : वकिलाकडून करार तपासल्याखेरीज आणि जुन्या दुकानदारांचे हिशेब पाहिल्याखेरीज कोणासही सही करू देऊ नये.