पन्हळीला देणगीदार मिळेल का?

कुलाब्यात नेव्हीनगरच्या वाटेवर १९८ फुटी मनोरा उभा आहे. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना एकेकाळी तो खुणेचा वाटे. सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे या चर्चचे कागदावरचे नाव. मुंबईकरांचे ते अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्या सैनिकांचे हे स्मारक. अफगाण युद्धात इंग्रजांची झालेली नामुष्की पाहता स्मारक फारच देखणे झाले म्हणायचे!

पायाभरणी १८४७ची. इंग्लंडहून आलेला आराखडा खर्चात बसेना, म्हणून काम हेन्री कॉनिबेअर यांच्याकडे आले. विहारचे पाणी मुंबईला आणण्याची योजनाही त्यांचीच. टोकदार कमानींची ही गॉथिक वास्तू १८५८ मध्ये उपासनेला खुली झाली. मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडले. आतली सजावट विल्यम बटरफिल्ड यांची, रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या.

अशा वास्तूला एका दिवसात काही होत नाही, म्हणूनच धोका मोठा. समुद्रावरचा खारा वारा दगडात मुरतो, लोणा धरतो, पापुद्रे सुटतात. आतले लोखंड गंजून फुगते आणि दगड तडकवते. काचा धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वाकतात. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरते, फटीत पिंपळ रुजतो. वर कोणी चुन्याच्या दर्जांमध्ये सिमेंट भरले, तर कोंडलेली ओल दगडच खाते.

दुरुस्तीचे मोठे काम निघाले की देणगीदार मिळतात, पाटी लागते, छायाचित्र निघते. पन्हळ साफ करण्यासाठी मात्र कोणी पाटी लावत नाही. इंग्रजांची पलटण गेली, तिच्याबरोबर चर्चमधली रविवारची गर्दीही गेली. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि देखभालीचा भार तिच्यावर आला. १९९५च्या वारसा नियमांनी मुंबईतल्या जुन्या वास्तूंना पाडकामापासून आडोसा दिला; पण यादीत नाव असल्याने गळती थांबत नाही.

गोऱ्यांचे चर्च आम्ही का सांभाळायचे, हा प्रश्न कोत्या मनाचा आहे. ही वास्तू आता या शहराची आहे. चर्चने, महापालिकेने आणि राज्य सरकारने मिळून देखभालीचा कायम निधी उभारावा, चुन्याचे काम जाणणारे गवंडी नेमावेत आणि दरवर्षी मे संपण्यापूर्वी छतावर माणूस चढवावा.