कॅलिपर रंगवताय? पैसे रंगाचे नाही, घासण्याचे घ्या!

काळाचौकीतला एक मुलगा विचारत होता, "दादा, ब्रेक कॅलिपर घरीच रंगवून देतो, 300 रुपयांत. धंदा चालेल?"

माझं स्पष्ट मत, या भावात नाही चालणार. रंग मारायला अर्धा तास, तयारीला अर्धा दिवस. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँड लावा. चाक काढा, वायर ब्रशने गंज घासा, ब्रेक क्लीनरने तेलकटपणा घालवा. डिस्क, पॅड, रबर बूट टेपने झाका. मग उष्णता सोसणारा रंग, पातळ दोन-तीन हात. साधा स्प्रे तापून सोलतो.

आपल्या लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत बघा. मूर्ती पॉलिश पेपरने घासल्याशिवाय कोणी रंगाला हात लावत नाही.

इथे तर गिऱ्हाइकाचा जीव आहे. पॅडवर रंग उडाला तर ब्रेक नीट लागत नाही. आणि रंगाने ब्रेक सुधारतो असं सांगून विकू नका. ही फक्त शोभा आहे.

बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात, म्हणजे कॅलिपर दोनच. म्हणून दर चाकामागे सांगा. आधी स्वतःच्या गाडीवर करा, लागलेला वेळ वहीत लिहा, मगच भाव ठरवा.