निर्यातीची द्राक्षे आणि घरची द्राक्षे

तासगाव किंवा मिरज तालुक्यातील एखाद्या द्राक्षबागेत फेब्रुवारीच्या सुमारास उभे राहिले, तर शेजारशेजारच्या दोन मांडवांखाली दोन निरनिराळे कायदे नांदताना दिसतात. एक बाग निर्यातीसाठी नोंदविलेली असते. तिथे कोणते औषध कोणत्या दिवशी फवारले याची नोंदवही असते, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल अनुकूल आल्याखेरीज घडाला कात्री लागत नाही. दुसऱ्या बागेतील माल चार किलोच्या पेटीत भरून देशातील शहरांकडे रवाना होतो. त्याची परीक्षा रंग, गोडी आणि मण्याची फुगवण एवढ्यावरच आटोपते. पहिला घड युरोपातील मूल खाते, दुसरा सातारा-सांगलीतील. या भेदाचे कारण शेतकऱ्याच्या नीतिमत्तेत शोधणे व्यर्थ आहे, कारण पुष्कळदा दोन्ही बागा एकाच कुटुंबाच्या असतात.

निर्यातीच्या बागेतील ही शिस्त उपजत नव्हती. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि परदेशी बाजार हातचा जाण्याची वेळ आली, तेव्हा बागांची नोंदणी, नमुने व तपासणी यांची साखळी उभी राहिली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तिची शास्त्रीय बाजू सांभाळली, तर ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था उभारली. तरीही २०१० मध्ये दुसरा तडाखा बसलाच. एप्रिल छाटणीनंतर फुटींची वाढ रोखून घडनिर्मिती वाढावी म्हणून बागायतदार वापरीत असलेले क्लोरमेक्वाट क्लोराइड हे संजीवक तपासणीच्या यादीतच नव्हते. युरोपातील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, वेलीत मुरलेले अंश पुढील हंगामाच्या मण्यांत उतरले आणि कंटेनर परदेशी बंदरांत अडकले. बागायतदारांचे व निर्यातदारांचे नुकसान प्रचंड झाले. परंतु त्या वर्षी त्याच वेलींची जी द्राक्षे देशात विकली आणि खाल्ली गेली, त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. ती बातमीच नव्हती.

अर्थशास्त्राला हे कोडे नवे नाही. १९७० मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर घेणारा सर्वच मालाला सरासरी भाव देतो आणि चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. द्राक्षातील विषारी अंश तर मोटारीच्या दोषाहूनही लपलेला. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, आणि त्याचे फळ दहा-वीस वर्षांनी कोणत्या रोगाच्या रूपाने पुढे येईल याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही. अशा बाजारात, अवकाळी पावसानंतर डाऊनीच्या भीतीने सारा गाव फवारणी करीत असता, प्रतीक्षा कालावधी पाळून हात आवरणाऱ्या बागायतदाराला पेटीमागे एक रुपयाही अधिक मिळत नाही. घड कुजला तर तोटा मात्र त्याचा एकट्याचा. त्याला विवेकाचे पाठ देण्यास निघालेल्यांनी आधी त्याच्या सोसायटीच्या कर्जाचा आकडा विचारावा.

हळदीची गोष्ट याच जातीची आहे. हळदीला भाव मिळतो तो पिवळेपणावर, आणि जिथे रंगाला भाव असतो तिथे रंग विकणारा येतोच. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी हळदीत शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळले जात असल्याचे उघड केले. पुराने निस्तेज झालेल्या हळदीला उजळा देण्यासाठी १९८० च्या दशकात ही प्रथा पडल्याचे तेथे पुढे आले. शिसे मुलांच्या बुद्धीवर घाला घालते, ही बाब निर्विवाद आहे. सांगलीच्या हळदीवर असा आरोप करण्याचे काहीही कारण नाही. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हरिपूरच्या पेवांची कीर्ती जुनी आहे. परंतु २००५ च्या महापुराने ती पेवेही बुडविली होती, आणि भिजलेल्या मालाचा मोह सर्वत्र सारखाच असतो. मानांकनाचा शिक्का नाव राखतो. शिसे मोजीत नाही.

आता कृष्णा. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी वाईचे घाट ओलांडून, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन सांगलीला येते, तेव्हा वाटेतील गावांचे सांडपाणी हेच पुढच्या गावाचे पिण्याचे पाणी होते. सांगली शहराचे पिण्याचे पाणी कृष्णेतूनच येते आणि शहराचा शेरीनाला तिच्यातच मिसळतो. तो वळवून धुळगावच्या शेतीला देण्याच्या योजनेवर किती वर्षे खर्ची पडली, हे सांगलीकरांना सांगावयास नको. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले, आणि कृष्णा त्यांत आहे. मार्च २०२३ मध्ये सांगली परिसरात मृत माशांचा खच पडला, तेव्हा नेहमीप्रमाणे कारखान्यांनी सांडपाण्याकडे आणि नगरांनी मळीकडे बोट दाखविले. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ सालीच, म्हणजे केंद्राच्याही पाच वर्षे आधी केला होता, हे या संदर्भात आठवले की हसावे की रडावे ते कळत नाही.

प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व पुस्तकात सोपे दिसते. येथे ते अडते, कारण साखरपट्ट्यात कारखाना परका नाही. सहकारी कारखान्याचा सभासद ऊसही घालतो, मतही देतो आणि तेच पाणी पितो. दंड झाला तर तो त्याच्याच उसाच्या दरातून जाणार. म्हणून तो गप्प राहतो; आणि दवाखान्याचे बिल मात्र दराच्या हिशेबात कोणीच धरीत नाही.

उपायाची सुरुवात कुठून करावी? घरच्या द्राक्षांपासून करणे अवघड आहे. ती बांधावरच व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढतात, त्यांची तपासणी करावयाची कुठे? बेदाणा आणि हळद यांचे तसे नाही. दोन्ही बाजार समितीच्या आवारात सौद्याला येतात. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे द्राक्षातील काही अंश त्यात दाटूनच येण्याचा संभव. सौद्याच्या आवारातच प्रयोगशाळा असावी, काही लॉटचे नमुने चिठ्ठ्या टाकून घ्यावेत आणि निकाल लॉटच्या क्रमांकासह फलकावर लावावेत. समिती सेस घेतेच. त्यातील अल्पांश पुरेल. व्यापारी माल घेऊन दुसऱ्या बाजारात जातील ही भीती खोटी नाही, म्हणून नियम राज्यातील सर्व समित्यांना एकाच दिवशी लागू व्हावा. बांगलादेशाने हेच केले: तपासणी, जाहीर प्रसिद्धी आणि दोषींवर कारवाई. २०१९ मध्ये तेथील बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये ते एकाही नमुन्यात आढळले नाही. सांगलीहून श्रीमंत नसलेल्या बाजारपेठांत हे दोन वर्षांत घडले.