धूपगड पाहिला, चौरागड राहिला

सुटीच्या दिवशी भोपाळची मराठी मंडळी पहाटे निघून पचमढीचा धूपगड गाठतात. सातपुड्याचे हे सर्वोच्च शिखर, उंची सुमारे १३५० मीटर. पण जीप थेट माथ्यावर नेते. डबे सोडावेत, सूर्यास्त पाहावा, परतावे. यात गैर काही नाही. परंतु जवळच्या चौरागडाचे काय? महाशिवरात्रीला विदर्भातले भाविक नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन तिथल्या सुमारे १३०० पायऱ्या चढतात. गर्दी असते, पाय दुखतात, हे खरे. पण त्या वाटेवर शेतकऱ्याची मराठी कानी पडते. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आपल्या घरांतील मुलांना व्याकरण शिकवणीत येईल. भाषेची माणसे मात्र अशी चालूनच भेटतात. एकदा मुलांना तिकडे न्यावे.