बोटच तर आहे!

आमच्या शिरोळकडं उसाच्या हंगामात पायाला ठेच लागली नाही असं घर सापडायचं नाही. त्यामुळं पायाचं बोट मोडणं ही आम्ही कधी मोठी गोष्ट मानली नव्हती. गेल्या हंगामात घरातली दोन बोटं मोडली आणि आमचं मत बदललं.

पहिलं बोट धाकट्या भावाचं. ट्रॉली जोडताना पाय आपटला आणि करंगळीशेजारचं बोट सुजून काळंनिळं पडलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. हाड जागेवर होतं, प्लास्टरची गरज नव्हती. मोडलेल्या बोटाला शेजारच्या बोटाचा आधार द्यायचा, एवढंच. दोन्हींच्या मध्ये कापसाची घडी ठेवून सैलसर चिकटपट्टी बांधायची आणि पट्टी रोज बदलायची. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीन-चार वेळा, 15 ते 20 मिनिटं लावायचा. पाय उशीवर उंच ठेवायचा, घराबाहेर कडक तळाची चप्पल घालायची. मालिश करायचं नाही, सुरुवातीला गरम शेकही नाही. सहा आठवड्यांत भाऊ पुन्हा रानात जाऊ लागला.

मग रमजानमध्ये सहेरीला उठताना अंधारात अम्मींची करंगळी पलंगाच्या पायाला लागली. भावाचा इलाज पाठ होताच. आम्ही तीच पट्टी बांधली. डॉक्टरांकडं चला म्हटलं तर अम्मी म्हणाल्या, "बोटच तर आहे, दुखतसुद्धा नाही. रोज्यात कशाला धावपळ?" दुखत नाही हे ऐकून आम्हालाही बरंच वाटलं.

अम्मींना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, हे आम्ही विसरलो. वझूला पाचही वेळा पट्टी भिजत होती आणि तीच ओली पट्टी बोटांवर राहत होती. पाचव्या दिवशी सोडली, तर बोटांच्या बेचक्यात जखम झाली होती, वासही येत होता. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळं पायाची जाणीव कमी होते, म्हणून दुखलं नाही. जखम भरायला तीन महिने लागले. बोट वाचलं, अल्हम्दुलिल्लाह.

म्हणून बहिणींनो, घरचा इलाज करण्याआधी बोट कुणाचं आहे ते पाहा. शुगर असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर स्वतः पट्टी बांधू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंगठा मोडला असेल, बोट वाकडं झालं असेल, कातडी फाटली असेल किंवा लहान मुलाचं बोट असेल, तरीही तेच. पट्टी बांधल्यावर बोट पांढरं, निळं किंवा बधिर पडलं तर ती लगेच सोडा.

वझूचं म्हणाल, तर पाण्यानं इजा होणार असेल तेव्हा पट्टीवरून ओला हात फिरवून मसह करण्याची सवलत दीननं दिलेली आहे. सजद्यात बोट दुमडत नसेल तर आजारी माणसाला बसून नमाजचीही सोय आहे. आपल्या आलिमसाहेबांना विचारून घ्या, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा. अम्मींना ते आम्ही वेळेवर सांगितलं नाही.

आता रोज इशानंतर आमची मुलगी दादीचे पाय मांडीवर घेते आणि एकेक बेचकं उजेडात पाहते. अम्मी कुरकुरतात, पण पाय मागं घेत नाहीत.