नकाशावर रेघ अडते, तेव्हा दोष मुलाचा नसतो



परिसर अभ्यासात नकाशा येतो, आणि आता बऱ्याच शाळांत तो फळ्याबरोबर संगणकावरही शिकवला जातो. मुलं वेब नकाशा उघडून त्यावर ओढा, शेत, घराचा रस्ता काढतात. सुरुवातीला छान चालतं. मग रेघ अडखळते. माऊस पुढे, रेघ मागे. मूल वैतागून पुन्हा क्लिक करतं. अनेक साधनांत डबल क्लिक म्हणजे 'आकृती संपली', त्यामुळे ओढा मध्येच तुटतो. "मला नाही येत," म्हणत मूल उठतं. दुसरं ओरडतं, "मॅडम, नेट स्लो आहे!"

माझं स्पष्ट मत आहे, दोष बहुतेक वेळा मुलाचा नसतो आणि नेटचाही नसतो. खालचा नकाशा नेटवरून येतो हे खरं, पण आपण काढत असलेली रेघ आपल्याच संगणकातला ब्राउझर रंगवतो. त्यामुळे मोठं रिचार्ज मारून ही रेघ पळत नाही.

मग अडतं कुठे? रेघ म्हणजे बिंदूंची माळ. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतात, म्हणजे एका चित्रासाठी ब्राउझरला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात त्याला माऊस कुठे आहे ते पाहायचं, बिंदूंची जागा मोजायची आणि रेघ रंगवायची असते. शिवाय रेघ दुरुस्त करायला घेतली की काही साधनं प्रत्येक बिंदूवर एक आणि दोन बिंदूंच्या मध्ये एक अशा पकडायच्या खुणा ठेवतात. म्हणजे ५०० बिंदूंच्या रेघेवर जवळपास हजार खुणा! जुना संगणक दमणारच.

यावर उपाय जुनाच आहे. रेघेचा आकार न बिघडवता अनावश्यक बिंदू गाळण्याची डग्लस-प्यूकर पद्धत १९७३ पासून माहीत आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरही एका रेघेला २००० बिंदूंची मर्यादा आहे. म्हणून साधनं बनवणाऱ्यांनी आपला नवा कोरा संगणक बाजूला ठेवून शाळेतल्या जुन्या संगणकावर एकदा रेघ ओढून पाहावी. बिंदू गाळण्याची सोय आपोआप चालू असावी आणि खुणा फक्त पडद्यावर दिसणाऱ्या भागातच उमटाव्यात.

तोवर आपण काय करू शकतो? आधी कागदावर पेन्सिलीने नकाशा काढून घ्यावा. ओढा कुठे वळतो, तिथेच ठिपके द्यायला सांगावं. सरळ रस्त्याला दोन ठिपके पुरतात, वळणावर चार-पाच. मग तेच ठिपके संगणकावर. हात न उचलता रेघ ओढणारं साधन टाळावं, कारण ते माऊसच्या प्रत्येक थरथरीचा बिंदू करतं. लांब ओढा एका दमात न काढता तुकड्या-तुकड्यांनी काढावा.

यात एक फायदाही आहे बरं का. कोणता बिंदू ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवणं म्हणजेच तर नकाशा शिकणं! जे मूल हे ठरवू शकतं, त्याला नकाशा समजला.

पालकांना एकच विनंती. घरी असं काही अडलं, तर "तुला जमत नाही" असं चटकन म्हणू नका. आधी रेघेवरचे बिंदू मोजा.