‘दहशतवादी’ हा शब्द स्वस्त करू नका!

गुरुग्राममधल्या मराठी बंधुभगिनींनो,

26 नोव्हेंबरला सोसायट्यांत मेणबत्त्या लागतील, भाषणं होतील. बोलायला उठण्याआधी एवढं वाचा.

2008 च्या दहशतवादी हल्ल्यात मुंबई सोडवायला गेलेले एनएसजीचे कमांडो आपल्या शेजारच्या मानेसरचे. ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन, नरिमन हाऊसमध्ये हवालदार गजेंदरसिंग बिश्त धारातीर्थी पडले. दहा हल्लेखोरांनी 166 जीव घेतले. सीएसटीवर गाडीची वाट पाहणाऱ्यांशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांना मारून साऱ्या देशाला धाक घालायचा होता. याचं नाव दहशतवाद. बीबीसीने तेव्हा त्यांना ‘बंदूकधारी’ म्हटलं, ते आम्हाला आजही झोंबतं.

आणि आपण? मोर्चातली पोरं ‘अतिरेकी’, बंगाली बोलणारा डिलिव्हरीवाला ‘आतंकवादी’. व्हॉट्सअॅपवर बोट टेकलं की झालं! जुलै 2025 मध्ये याच शहरात बंगालीभाषक मजुरांना ओळख पडताळायला डांबलं, अनेकांना नंतर सोडलं. तोवर भीतीने कित्येक कुटुंबं गावी पळाली होती. टोकाचं मत मांडणाऱ्याशी कडाडून भांडा. पण मत म्हणजे बॉम्ब नव्हे.

“पोलिसांनी धरलंय, उगीच का?” हा प्रश्न हमखास येतो. उत्तर मालेगावात आहे. 2006 च्या स्फोटांसाठी तिथल्या मुसलमानांनाच धरलं. नऊ आरोपी, बहुतेक जण पाचेक वर्षं तुरुंगात. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. एक जण तोवर वारला होता. दहा वर्षं त्यांच्या पोरांनी शाळेत काय ऐकलं असेल?

वर 2019 च्या दुरुस्तीपासून यूएपीए या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली सरकार खटल्याशिवायही एखाद्या व्यक्तीला दहशतवादी जाहीर करू शकतं. पहिल्या यादीत मसूद अझर, हाफिज सईद होते, म्हणून फारसं कुणाला खटकलं नाही. आम्हाला खटकतं. चांगल्या सरकारच्या हातात शोभणारा अधिकार वाईट सरकारच्याही हातात जातो.

आमचं मागणं साधं आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावर, गटावर, व्यासपीठावर पकडलेल्याला निकाल लागेपर्यंत ‘आरोपी’ म्हणा. मुंबईच्या त्या दहांपैकी जिवंत सापडलेल्या कसाबच्या हातातली बंदूक फोटोत साऱ्या जगाने पाहिली होती. तरी त्याला वकील दिला, खटला चालवला, आणि मे 2010 मध्ये दोषी ठरेपर्यंत कोर्टाच्या कागदावर तो आरोपीच होता.

— गुरुग्राममधले काही मराठी रहिवासी